मचाणावर पाय गोठतात, उपाय सांगा (विस्कॉन्सिन, हरणांच्या शिकारीचा हंगाम)

मॅडिसनकर:
मंडळी, विषय जरा वेगळा आहे, हसायचं तर हसा पण हसून झालं की उत्तर द्या. बायको इथलीच, उत्तर विस्कॉन्सिनची, आणि तिच्या वडिलांचा नोव्हेंबरातला डिअर कॅम्प म्हणजे कोकणातल्या माणसाचा गणपती, जावयाने यायचं म्हणजे यायचं, रजा मिळत नाही वगैरे कारणं चालत नाहीत. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम उघडतो. दोन वर्षं जातोय. हंटर सेफ्टीचा कोर्स झाला, लायसन्स आहे, भडक केशरी जॅकेट आहे, झाडाला बांधायचा हार्नेस आहे, फक्त पाय नाहीत. म्हणजे पहाटे साडेपाचला असतात, आठ वाजता नसतात.

शिडीचं मचाण आहे, पंधरा फुटांवर, लोखंडी. गाडीपासून अंधारात पंचवीसेक मिनिटं चालत जायचं, थोडा चढ, बर्फ असेल तर जास्त वेळ. बूट १२०० ग्रॅमवाले, आत जाड लोकरी मोज्यांचे दोन जोड. एवढं करून साडेसातला बोटांना मुंग्या, आठला बधिर, साडेआठला मी खाली उतरून झाडाभोवती उड्या मारतो. मागच्या वर्षी दुसऱ्या दिवशी ११ फॅरनहाइट होतं, म्हणजे उणे १२ सेल्सियस. सासरेबुवा ७१ वर्षांचे, ते पलीकडच्या टेकाडावर दुपारपर्यंत देवळातल्या कासवासारखे बसून. रात्री जेवताना एवढंच म्हणाले की आज जंगलात कुणीतरी नाचत होतं.

तीन आठवडे आहेत हातात. काय घेऊ, काय करू? बजेट दोनशे डॉलर, बायकोला सांगितलेला आकडा शंभर.

अळूवडी:
सगळ्यात सोपा उपाय सांगते. जाऊ नका. घरी बसा, आल्याचा चहा प्या, हरणंही खुश आणि पायही गरम.

मॅडिसनकर:
हे येणार माहीत होतं :) ताई, इथे एका बंदुकीच्या हंगामात दीड लाखाच्या वर हरणं मारली जातात आणि पुढच्या वर्षी परत तेवढीच शेतात उभी असतात, गाड्यांना आपटून हजारोंनी मरतात ते वेगळं. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली ते योग्यच झालं, ती परिस्थितीच वेगळी. मांस आम्ही स्वतः खातो, जास्तीचं गरजूंना वाटतात तिथे देता येतं. वाद घालायचा तर वेगळा धागा काढा, नक्की येतो तिथे. इथे फक्त पाय.

मिनेसोटावाली_मावशी:
आधी तीन प्रश्न. बूट एक नंबर मोठा घेतलास का नेहमीचाच? मचाणावर पोचतोस तेव्हा पाठ ओली असते का? आणि हे सगळं घालून गाडीत हीटर पायावर सोडून बसतोस का?

मॅडिसनकर:
नेहमीचाच, १० नंबर. पाठ ओली असते हो मावशी. आणि हीटरचं तुम्हाला कसं कळलं??

मिनेसोटावाली_मावशी:
सगळे तेच करतात म्हणून कळलं. तीस हिवाळे काढलेत डुलुथच्या बाजूला, नवरा शिकारीला जातो आणि मी गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासे धरत बसते, बुडाखाली बर्फ आणि बर्फाखाली पाणी, त्यामुळे पायांचं मला विचार.

बाळा तुझे पाय मचाणावर नंतर गार होतात, आधी गाडीतच ओले होतात. तळव्याला घाम सगळ्यात जास्त, त्यात हीटर, त्यात दोन मोजे, वर पंचवीस मिनिटांचा चढ, पोचेस्तोवर मोजा दमट झालेला असतो आणि मग तू हलायचा थांबतोस. लोकर आहे म्हणून आठपर्यंत तरी टिकलास, सुती असता तर सूर्य उगवायच्या आत खाली आला असतास. दुसरं, १० नंबरच्या बुटात दोन जाड मोजे कोंबले की ऊब धरायला आत हवाच उरत नाही, आणि पाय आवळला की रक्त फिरत नाही. आतल्या आत बोटं पेटी वाजवल्यासारखी हलली पाहिजेत. नाही हलली तर एक मोजा काढ, कमी मोज्यात जास्त ऊब लागेल, विश्वास नाही बसणार पण करून बघ.

माझी पद्धत सांगते. जाताना साधे चालायचे बूट, एक पातळ मोजा. जॅकेट पिशवीत, टोपी खिशात, निघताना थंडी वाजली पाहिजे, नाही वाजली तर जास्त कपडे घातलेत असं समज. अर्धा तास आधी निघायचं आणि लाज वाटेल इतकं हळू चालायचं. मोठे बूट पाठीला बांधून न्यायचे, झाडाखाली बसून पाय टॉवेलने खडखडीत पुसायचे, कोरडा मेरिनो लोकरीचा मोजा, मग मोठे बूट, लेस ढिली. पाच मिनिटं नागव्या पायाने बर्फात बसायचं जीवावर येतं पण तीच पाच मिनिटं पुढचे पाच तास देतात.

कॅल्गरीकर:
मावशींना शंभर टक्के अनुमोदन, फक्त लेस ढिली वर बसल्यावर करा हो. शिडीच्या पायरीवर बर्फ, पायात सैल ढबाले बूट, पंधरा फूट, नको. मचाणावरच्या अपघातात चढताउतरताना पडणारेच खूप असतात. हार्नेस जमिनीवर असतानाच दोरीला अडकवा आणि बंदूक रिकामी करून दोरीने मागून वर ओढा, हे कोर्सात शिकवलं असेलच.

आता ते १२०० ग्रॅम. ते बुटाचं वजन नव्हे.

मॅडिसनकर:
मला दोन वर्षं बुटाचं वजनच वाटत होतं. काट्यावर ठेवून पाहिलं होतं, जास्त भरलं, म्हटलं चला फायद्यात आहोत.

कॅल्गरीकर:
हाहा. आतल्या अस्तराचं चौरस मीटरला वजन ते, म्हणजे अस्तर किती दाट आहे ते कळतं. २०० ते ४०० चालणाऱ्याला, ८०० च्या पुढचे बसणाऱ्याला, २००० पर्यंत मिळतात पण त्यात चालायला गेलात तर पाय शिजतो आणि मग मावशी म्हणतात तेच होतं. आणि खोक्यावर उणे ४० लिहितात (फॅरनहाइट का सेल्सियस विचारू नका, उणे ४० ला दोन्ही एकच) त्यावर जाऊ नका, स्वस्थ बसलेल्या माणसाला त्याच्या निम्म्यानेही पुरत नाही असा माझा अनुभव आहे. मला बसायला फेल्टचं सुटं अस्तर निघतं ते पॅक बूट आवडतात, कारण रात्री अस्तर काढून शेगडीजवळ वाळवता येतं. न निघणाऱ्या अस्तराचा बूट एकदा आत दमट झाला की नऊ दिवस दमटच.

पण माझ्या मते तुमचा खरा चोर ती लोखंडी जाळी आहे. ऊब वरून जाते त्याहून जास्त तळातून जाते, तळाचं अस्तर तुमच्याच वजनाने दबलेलं असतं आणि खाली रात्रभर गारठलेलं लोखंड. बागेत गुडघे टेकायला फोमचा जाड तुकडा मिळतो ना, पाचेक डॉलरचा, तो पायाखाली टाका. जुन्या गालिच्याचा तुकडाही चालतो. बूट घासल्याचा आवाज येत नाही हा वरचा फायदा.

सातारचा_सुभेदार:
राम राम. शिकारीचा अनुभव नाही पण द्रासला आणि वर ग्लेशियरवर ड्युटी केली आहे, तिथं पोस्टवर उभं राहणं म्हणजे तुमचं मचाणच, फरक एवढाच की खाली उतरून उड्या मारायची सोय नाही.

आम्हाला पहिली गोष्ट शिकवली की पाय कोरडा. मोज्याचे तीन जोड प्रत्येकाकडं. एक पायात, एक पिशवीत, एक बनियनच्या आत छातीला, तो अंगाच्या उबेनं वाळतो. झोपायच्या आधी पाय पुसून पावडर. दुसरी गोष्ट, जोडीदारानं जोडीदाराचे पाय बघायचे, रोज, लाजायचं नाही, कारण ज्याचं बोट गेलं त्याला कळतच नाही, दुखायचं थांबलं की माणूस म्हणतो बरं वाटतंय. दुखतंय तोवर ठीक. दुखायचं थांबलं की घाबरा.

बसल्या जागी बुटात बोटं आवळा, दहा मोजा, सोडा. टाचा उचला, टेका. बाहेरून काही हलताना दिसत नाही. दर दहा मिनिटांनी करा, गार पडायच्या आधीपासून. गार पडल्यावर सुरू केलं तर उशीर झाला.

मिनेसोटावाली_मावशी:
सुभेदारसाहेब छातीशी मोजा ही आयडिया मी आजपासून घेतली.
ब्रेडच्या पिशवीचं राहिलंच सांगायचं. पातळ मोजा, त्यावर ब्रेडची रिकामी प्लास्टिकची पिशवी, त्यावर जाड मोजा. घाम पिशवीच्या आतच राहतो, जाड मोजा आणि बूट कोरडा. इथली जुनी माणसं शाळेत असंच जायची.

सातारचा_सुभेदार:
मावशी, आदर ठेवून सांगतो, पिशवी तीन-चार तास ठीक. दिवसभर नको. पाय आतल्या आत भिजत राहतो, पांढरा सुरकुतलेला होतो, ते दुखणं निराळं आणि त्याला बर्फसुद्धा लागत नाही, नुसती ओल आणि गारवा पुरतो. पहिल्या महायुद्धात खंदकात उभ्या असलेल्या सैनिकांचे पाय असेच गेले.

मिनेसोटावाली_मावशी:
मान्य, पण मी दुपारी जेवायला घरी येते आणि पिशवी काढते. खंदकात कुठे बसलेय.

पायाचा_डॉक्टर:
दोघंही बरोबर आहेत, भांडू नका. पिशवी घातली तर जेवायच्या सुट्टीला काढा, पाय पुसा, आतला पातळ मोजा बदला.

थोडं शरीराचं सांगतो. धड गार पडायला लागलं की शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून ठेवतं, हृदय-मेंदू आधी, बोटं नंतर. त्यामुळे पाय गरम ठेवायचे तर निम्मं काम कमरेच्या वर आहे, मान, डोकं, पोट. आणि रक्त तळव्याला जातं ते नडगीवरून, तिथे नुसती जीन्स असेल तर ते वाटेतच गार होतं. गुडघ्याखाली काय घालता ते कुणी विचारलंच नाही.

तंबाखू-सिगारेटने वाहिन्या आणखी आवळतात. ब्रँडीचं उलट, कातडीतल्या वाहिन्या उघडतात, गरम वाटतं आणि ऊब बाहेर निघून जाते. शिवाय हातात बंदूक आहे.

ऊब देणाऱ्या पुड्यांबद्दल. आत लोखंडाची पूड, मीठ, कोळसा वगैरे असतं, लोखंड गंजतं त्याची ती ऊब, आणि गंजायला हवा लागते. म्हणून घट्ट रबरी बुटात अर्ध्या तासात पुडी मेल्यासारखी होते आणि लोक म्हणतात माल खराब होता. बोटांच्या मापाच्या मुद्दाम मिळतात त्या घ्या, बूट घालायच्या आधी थोडा वेळ हवेत राहू द्या, मोज्याच्या बाहेरून लावा, कातडीवर नाही. ज्यांना मधुमेह आहे आणि तळव्याची संवेदना कमी झाली आहे त्यांनी या पुड्या आणि बॅटरीचे मोजे दोन्ही टाळा, भाजलेलं कळत नाही. असा पेशंट पाहिला आहे.

आणि बोट पांढरं, मेणासारखं, कडक झालं तर चोळू नका, बर्फाने तर मुळीच नाही, शेकोटीजवळही नको. परत गोठायची शक्यता नसेल अशाच ठिकाणी ३७ ते ३९ सेल्सियसच्या पाण्यात ठेवा आणि दवाखाना गाठा.

मॅडिसनकर:
डॉक्टरसाहेब, गुडघ्याखाली नुसती जीन्स. आतून एक पातळ थर्मल. आणि ब्रँडीचं तुम्ही विस्कॉन्सिनमध्ये बोलू नका, इथे ते तीर्थ आहे. कॅम्पवर रात्री सगळे बसतात, जंगलात कुणी नेत नाही एवढं मात्र पाळतात.

निफाडचा_द्राक्षवाला:
उशिरा आलो. अमेरिका काय पाहिली नाही पण थंडीचं आम्हालाबी कळतं, निफाडला पारा खाली गेला की पेपरात फोटो येतो शेकोटीचा, आम्ही मात्र मणी तडकायला नको म्हणून बागेत धूर करत रात्रभर जागे. त्यात लाइट रात्रीची, मग पाणी भरायला रात्री बाराला जायचं, गमबूट गार, पाय गार, आणि कुठं पाचटात बिबट्या बसलाय का ते बघायचं. तुम्ही वर बसून हरणाची वाट बघता, इथं बिबट्या आमची बघतो.

माझा आजा जोंधळ्याच्या राखणीला माळ्यावर बसायचा. चार खांबांवर फळ्या, वर छप्पर, हातात गोफण. पहाटे पाखरं यायच्या आत माळ्यावर हजर. आजा काय करायचा, गोणपाटाच्या पोत्यात खाली वीतभर भुसकट टाकायचा आणि दोन्ही पाय एकातच गुडघ्यापर्यंत पोत्यात. वरून घोंगडी. दोन्ही पाय शेजारी असले की एकमेकाला ऊब देतात, बुटात पाय एकटे पडतात. तुमच्या त्या महागड्या बुटापेक्षा एकदा पोतं करून बघा.

कॅल्गरीकर:
गंमत म्हणजे हे इथे दुकानात मिळतं! बुटासकट पाय आत घालायची जाड पिशवी, वेगवेगळ्या कंपन्यांची, काही दोन पायांना दोन, काही दोन्ही पायांना मिळून एक, किंमत शंभराच्या आसपास. माझ्याकडे होती. वेल्क्रोची होती तीच चूक, उणे वीसच्या शांततेत ती उघडताना चर्रर्र असा आवाज आला की अर्ध्या अल्बर्टातली हरणं गेली. घ्याल तर चेनची घ्या.

पण पोत्यात पाय असताना उभं राहू नका. बसूनच नेम धरायचा, नाहीतर आधी पाय बाहेर.

मॅडिसनकर:
तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय. हंगाम उघडला, दोन दिवस बसलो, दोन्ही दिवस पाय होते!!

सविस्तर लिहितो कारण सगळ्यांनी एवढं लिहिलंत. नवे बूट घेतले नाहीत. जुनेच, एक मोजा काढून. बोटं खरंच हलतात, मावशी, दोन वर्षं मी स्वतःचेच पाय बांधून घेत होतो. गाडीत हीटर पायावर बंद. चालायला जुने ट्रेकिंगचे बूट, जॅकेट पिशवीत, पंचवीस मिनिटांची वाट चाळीस मिनिटांत. तरी पाठ थोडी ओली झालीच, पण झाडाखाली मोजे काढले तर पातळ मोजा पिळता आला असता, तेव्हा पटलं की हा सगळा ओलावा दरवर्षी मी बुटात घेऊन बसत होतो.

शनिवारी प्रयोग केला. डाव्या पायात मावशींची ब्रेडची पिशवी, उजव्यात नुसता कोरडा मोजा. नऊपर्यंत दोन्ही सारखे. साडेनऊनंतर डावा जरा उबदार होता, खोटं बोलणार नाही. पण अकराला खाली उतरलो, पिशवी काढली, पाय फणसाच्या गऱ्यासारखा गुळगुळीत पांढरट, आणि तो परत मूळ रंगावर यायला जेवण संपेस्तोवर वेळ लागला. म्हणजे सुभेदारसाहेब पण बरोबर. संध्याकाळच्या बसण्याला पिशवी घातली नाही, छातीशी वाळवलेला मोजा घातला, झकास. छातीशी पहिला अर्धा तास ओला बेडूक धरल्यासारखं वाटतं हे कुणी सांगितलं नाही.

फोमचा तुकडा हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठा फरक. एकदा खाली पडला, उतरून आणावा लागला, आता दोरीने बांधलाय.

आणि पोतं. इथे कॉफी भाजणाऱ्या दुकानात कच्च्या कॉफीची तागाची पोती पडलेली असतात, मागितलं तर फुकट दिलं. भुसकट कुठून आणू, पण आईने लग्नात दिलेली घोंगडी कपाटात होती, ती आतून घडी करून टाकली. अंगावर टोचते ती, पण बुटाला काय टोचणार. बुटासकट दोन्ही पाय आत, गुडघ्यापर्यंत, डॉक्टरांची नडगी पण झाकली. मचाणाला पुढे कठडा आहे त्यामुळे पोतं सरकत नाही, तरी कॅल्गरीकरांचं ऐकून बसूनच राहिलो. खिशात डिंकाचे लाडू होते, चिवडा नेऊ नका, एक घास खाल्ला की सगळ्या जंगलाला कळतं.

शनिवारी १७ फॅरनहाइट, रविवारी १४, म्हणजे उणे आठ आणि उणे दहा. अकरापर्यंत बसलो. बोटं गार झाली, गार म्हणजे गार, पण होती. हरीण एकच दिसलं, मादी, लांब होतं, नेम धरण्यासारखं नव्हतं. हरकत नाही.

मिनेसोटावाली_मावशी:
शाब्बास. ओल्या बेडकाचं मी सांगणार होते, म्हटलं मग तू करणारच नाहीस.

सातारचा_सुभेदार:
छान. आता रात्री दोन्ही पायांची बोटं उजेडात नीट बघा, मधल्या फटीसुद्धा.

अळूवडी:
हरीण वाचलं त्याचा आनंद आहे. आता माझा प्रश्न, डिसेंबरात केदारकंठाला जातेय, मुक्काम बर्फात. हे छातीशी मोजे वगैरे ट्रेकला चालेल ना? आणि बूट एक नंबर मोठा घेतला तर उतारावर पुढची बोटं आपटणार नाहीत का?

मिनेसोटावाली_मावशी:
ये ये, आलीस ना :) चालायच्या बुटाचं गणित वेगळं, जाड मोजा घालून दुकानात जा आणि त्याच मोज्यावर माप घे, उगाच मोठा घेऊ नकोस. उतारावर घोट्यापाशी लेस घट्ट, पंजावर सैल. मोजे मात्र छातीशीच, आणि रात्री झोपायचा कोरडा जोड वेगळा, तो घालून तंबूबाहेर पाऊल टाकायचं नाही.

निफाडचा_द्राक्षवाला:
सासरे काय म्हणाले पोतं बघून ते लिहिलंच नाही

मॅडिसनकर:
शनिवारी पोट धरून हसले. विचारलं बटाटे कुठायत. रविवारी पहाटे मी अंधारात मचाणाखाली बूट बदलत होतो तर पिशवीत पोतं नव्हतं, घोंगडी नव्हती. दुपारी कॅम्पवर आले तर त्यांच्या खांद्यावर होतं. म्हणाले सीटवर पडलेलं दिसलं, हरवू नये म्हणून नेलं.

त्यामुळे वरचा रविवारचा रिपोर्ट पोत्याशिवायचा आहे, फोम आणि कोरड्या मोज्यावर निभावलं, तेवढं दुरुस्त करून वाचा. आता त्यांना स्वतःची घोंगडी हवी आहे, काळी. आई म्हणते पंढरपुरात मिळते पण ती सध्या पुण्यात आहे. पुण्यात चांगली हातमागाची, चिंचोक्याची खळ लावलेली कुठे मिळेल, कुणाला माहीत आहे का? जानेवारीत भाऊ येतोय, त्याच्या बॅगेत जागा आहे.